घोडीच्या पुढं चालणारी

माझी थोरली बहीण, आमची आक्का, आता कुपवाडला दुसऱ्या मजल्यावर राहते. जिना उतरून ती सहसा खाली येत नाही. तिचा मुलगा, माझा भाचा, म्हणतो, गुडघे दुखत असतील. मला वाटतं, खाली उतरून जायचं कुठं, हा तिचा प्रश्न असावा. पण इतक्या लांबून मी काय सांगणार.

ती तिथं राहायला गेली त्याला निमित्त मी. आणि ते घडलं एका सहलीत. सहल हा शब्द आमच्या घरात त्याआधी कुणी वापरलेला मला आठवत नाही.

आमचं गाव आटपाडीच्या बाजूला, माळावर. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड घोडीवर लादून पश्चिमेला निघायचं. कधी कृष्णाकाठ, कधी घाट उतरून कोकण. आई मी लहान असतानाच गेली. त्यामुळं घोडीचा कासरा धरून पुढं चालणारी बाई म्हणजे माझ्या डोळ्यांपुढं आक्काच येते. मी तिच्या मागनं चालायचो, दमलो की ती मला उचलून घोंगड्यांच्या घडीवर, कोंबड्यांच्या शेजारी बसवायची. सातवीत असताना माझी शाळा सुटली. मामा मला पठाणकोटला गलाईच्या दुकानात घेऊन गेला. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचा हा धंदा. आमच्या भागातली किती तरी माणसं त्यापायी देशभर पांगली आहेत. मुशीत दुसऱ्याचं सोनं उकळत असतं, नजर हलवायची सोय नसते. धास्ती घ्यायची सवय मला त्या भट्टीनं लावली ती लागलीच.

पहिल्याच थंडीत मला ताप भरला. मामा बाहेरगावी, मला हिंदी धड येत नव्हती. दुकानाच्या पायरीवर कण्हत बसलो होतो, तेव्हा एक जवान थांबला. मी 'आई गं' म्हणालो ते त्यानं ऐकलं होतं. "कुठला रं तू?" त्यानं विचारलं. त्या तीन शब्दांनी मला रडू फुटलं. साताऱ्याचा होता, खेचरांच्या तुकडीत. त्यानं मला सायकलवर पुढच्या दांडीला बसवून दवाखान्यात नेलं आणि बरा होईस्तोवर रोज येऊन बघून गेला. आज मी जो काही उभा आहे, त्यात त्या माणसाचा वाटा आहे असं मी मानतो. त्याला मी फौजीदादा म्हणतो. नोकरी संपवून तो आपल्या गावी, कण्हेर धरणाच्या बाजूला आला आणि त्यानं घोडे पाळले. शहरातल्या लोकांना घेऊन तो कासच्या अंगानं, रानातनं आणि तळ्याकाठनं चार-चार दिवस घोड्यांवरनं फिरवून आणतो.

गेल्या वर्षी भाच्याचा फोन आला. कुपवाडच्या कारखान्यात तो कायम झाला होता, दोन खोल्या घेतल्या होत्या. मेंढरं आधीच विकलेली. दाजी गेल्यापासनं आक्का एकटी गावात, सोबतीला एक म्हातारपणाकडं झुकलेली घोडी.

"मामा, आई म्हणती घोडी हाय तवर मी गाव सोडणार न्हाई. घोडी विकू म्हणलं तर दोन दिवस जेवली न्हाई. तुमी बोला. तुमचं ऐकती ती."

माझं ऐकते, हे खरं होतं. जो सगळ्यात लांब गेलेला असतो त्याच्या शब्दाला घरात वजन येतं. का येतं ते मला कळलेलं नाही.

मी फौजीदादाला फोन लावला. तो म्हणाला, "बाजारात अजिबात घालू नकोस. हिकडं आण. चार दिवस पाव्हण्यांच्या लाइनीत चालवून बघतो. चालली तर ठेवून घेतो, मरंस्तवर सांभाळतो. आन तू आणि आक्का पण या. आयुष्यभर घोड्यामागं चाललात, एकदा फिरायला म्हणून या."

मला केवढं हायसं वाटलं. मी सुट्टी काढून गावी आलो आणि आक्काला सगळं सरळ सांगितलं. लपवलं काही नाही.

तिनं एकच विचारलं. "आन न्हाई चालली तर?"

"तर परत घिऊन येऊ. मग तू आन ती, बसा गावात."

"बरं," आक्का म्हणाली, आणि घोडीला पाणी दाखवायला गेली.

पिकअप गाडीत घोडी चढवली. आक्का मागंच तिच्याजवळ उभी राहिली. विटा, कराड करत उंब्रजला चहाला थांबलो, तेव्हा ड्रायव्हरनं तिला म्हटलं, "आत्या, म्होरं बसा की आता. एसी हाय."

"तिला हाय का एसी?" आक्का म्हणाली. ड्रायव्हर हसला. साताऱ्यापर्यंत ती तशीच उभ्यानं आली.

फौजीदादाच्या दारात घोडी उतरली. त्यानं तिचे दात बघितले, खूर उचलून बघितले. आक्का बाजूला उभी राहून म्हणाली, "चावती ती. आदीच सांगून ठिवते."

घोडीनं तेवढ्यात फौजीदादाच्या खिशाला नाक लावलं आणि तिथंच ठेवलं.

"आक्का उगंच म्हणती, फौजीदादा," मी घाईनं म्हणालो. "लय गरीब जनावर हाय. आजवर कुणाला तोंड लावलं न्हाई."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, थकली असेल.

सोबत पुण्याचं एक जोडपं होतं. नवरा अबोल, बायको बोलकी आणि मनानं चांगली. त्या दोघांना दोन घोडे, फौजीदादाला एक, आणि मला एक तांबूस घोडा मिळाला. आमच्या घोडीवर तंबू आणि स्वयंपाकाचं सामान लादलं. ते आक्कानंच लादलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पिढ्यान् पिढ्या घोडी बाळगणाऱ्या घरातला मी, आणि मोठेपणी घोड्यावर पहिल्यांदा बसत होतो. धरणाचं पाणी मागं पडून चढ लागला तशा मांड्या सोलवटायला लागल्या.

"कसा बसलायस रं," आक्का खालनं म्हणाली. "वरातीतल्यावानी. बाशिंग तेवडं ऱ्हायलं बघ."

पुण्याच्या बाईंनी तिला विचारलं, "तुम्ही नाही का बसत?"

"मला पाय हायत की," आक्का म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता. आमच्यात चालता येणारं माणूस घोडीवर बसत नाही. तिच्यावर घर असतं. पीठ, भांडी, घोंगडी, नुकती जन्मलेली कोकरं, रांगतं पोर. धडधाकट बाई वर बसली तर तिला चार बायका हसतील.

पहिला मुक्काम कासच्या तळ्याजवळ एका शेतकऱ्याच्या वावरात झाला. फुलांचा हंगाम संपून गेला होता, गर्दी नव्हती. पाणी इतकं स्थिर की पलीकडचं रान त्यात उलटं उभं होतं. आमच्या माळावर एवढं पाणी असतं तर आम्ही कुठं गेलोच नसतो, असं माझ्या मनात आलं. मी ते आक्काला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मग तू सोनार झाला नसतास. मेंढरं राखत बसला असतास माज्यासंगं." आणि जरा थांबून, "वाईट काय हुतं त्यात."

दुसऱ्या दिवशी घाटाईच्या रानातनं बामणोलीकडं उतरायचं होतं. त्या रानात ऊन खाली पोचतच नाही. पाचोळ्यात घोड्यांच्या टापांचा आवाज बुजून जातो, नुसतं लगामांचं खुळखुळणं ऐकू येतं. एका वळणावर झाडी फाटली आणि खाली कोयनेचं अडवलेलं पाणी दिसलं, डोंगरांच्या बोटांमधनं लांबवर गेलेलं. तिथं आम्ही चहाला थांबलो. आक्कानं विचारलं, "आज कुठं ऱ्हायाचं?" फौजीदादानं पाण्याकडं हात केला. "तिथं, काठाला." आक्कानं मान डोलावली आणि घोडी घेऊन ती उतरायला लागली. आम्हाला वाटलं, पुढच्या वळणावर थांबेल.

आम्ही काठावर पोचलो तर तिथं कुणीच नाही.  फौजीदादानं हाका मारल्या, शिट्ट्या घातल्या. मी घोड्यावरनं उतरून चिखलात खूर शोधायला लागलो. नको नको ते मनात येत होतं. शेवटी पुण्याच्या त्या अबोल माणसानंच वर बोट दाखवलं. काठापासनं बऱ्याच उंचावर, एका उघड्या टेकाडावर धूर निघत होता.

वर गेलो तर आक्कानं तीन दगड मांडून चूल पेटवलेली. सामान उतरवून ओळीनं लावलेलं. तंबू उभा करायचं तिला माहीत नव्हतं, म्हणून तिनं तंबूचं कापड खाली अंथरून त्यावर सगळ्यांची अंथरुणं घालून ठेवली होती. घोडी मोकळी चरत होती.

"आक्का, कॅम्प खाली हाय," फौजीदादा धापा टाकत म्हणाला. "तिथं शौचालय हाय, सगळा बंदोबस्त हाय."

"पान्याच्या कडंला कोन झोपतं, दादा? सकाळी हातरुनं वली. आन रातीचं रानातलं जनावर पान्याला येतंय, ते तुमास्नी भेटून जाईल." आणि मग तिला काही तरी आठवल्यासारखं झालं. "मी न्हाई आले हितं. घोडीनंच वढून आनलं मला. ऐकत न्हाई ती कुनाचं."

"असं," फौजीदादा म्हणाला. "चूल पण घोडीनंच मांडली म्हणा की."

सगळे हसले. आक्काही हसली, पण तिनं चुलीकडं तोंड फिरवलं. मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या उपकारकर्त्याला आमच्यापायी अर्धा तास धावपळ करावी लागली होती, त्याचं मला ओझं झालं होतं. मी त्याला सगळं समजावून सांगायला लागलो. चालणीच्या, म्हणजे तळ हलवायच्या दिवशी आमच्या बायका घोडी घेऊन सरळ पुढं निघतात, पुरुष मेंढरं चारत मागनं येतात. तळ कुठं टाकायचा ते बायका ठरवतात. पुरुष पोचेपर्यंत भाकरी झालेली असते. मागच्यांसाठी थांबायचं हे त्यांच्या गावीच नसतं. आणि घोडीला तर ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की तिला उंच, कोरडी जागा आपोआप कळते.

फौजीदादा घोडीकडं बघत राहिला. "म्हणजे हिला पुढं धाडली की मुक्कामाचं काम निम्मं झालं. असलं जनावर मला कुठं मिळायचं?"

मला पास झाल्यासारखं वाटलं. आक्का चुलीत फुंकर घालत होती. तिनं पुष्कळ वेळ फुंकर घातली, जाळ लागल्यावरसुद्धा.

तिसऱ्या दिवशी पाण्याच्या कडेकडेनं जायचं होतं. सकाळी फौजीदादा म्हणाला, "आक्का, आज सामान माझ्या घोड्यावर. तुमी बसा हिच्यावर."

"मी?"

"हिच्यावर उद्या पाव्हणं बसवायचं म्हणलं तर आदी मानसाची सवय पायजे. पयला तुमी बसला तर ती बुजायची न्हाई."

आक्का नको नको म्हणाली. फौजीदादानं हात जोडले. शेवटी एका दगडावर चढून, पदर खोचून, पुण्याच्या बाईंचा हात धरून ती बसली. बसल्यावर तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. लाजलेली, अवघडलेली, आणि आजूबाजूला कुणी ओळखीचं तर बघत नाही ना असं बघणारी.

घोडी हलेना.

फौजीदादानं टाच मारायला सांगितली. आक्कानं ती मारलीच नाही, मारल्यासारखं केलं. घोडीनं कान टवकारले, मान उजवीकडं वळवली, डावीकडं वळवली. तिच्यापुढं जी पाठ रोज चालायची ती पाठ तिथं नव्हती. ती तिला शोधत होती. पाठीवर बसलेली तीच आहे हे तिला कसं कळणार?

"बघा," आक्का वरनं म्हणाली. "मी म्हणलं न्हवतं? चालत न्हाई ती. असलं जनावर ठिवून काय करनार दादा तुमी, दाण्याला भार." तिचा आवाज मोकळा झाला होता. गेल्या तीन दिवसांत मी तिला इतकं खुशीत बघितलं नव्हतं. ते मला दिसलं होतं. मला वाटलं, जन्मात पहिल्यांदा घोडीवर बसली म्हणून खूश आहे.

फौजीदादा डोकं खाजवत उभा राहिला. "म्होरं माणूस लागत असेल तर मग अवघड हाय जरा," तो म्हणाला. "पाव्हण्यांच्या म्होरं रोज चालायला मी माणूस कुठनं आणू?"

मी घोड्यावरनं खाली उतरलो. घोडीच्या पुढं जाऊन मी कासरा हातात घेतला, तिच्याकडं पाठ केली, जीभ टाळ्याला लावून दोनदा 'टक् टक्' केलं आणि 'हाऽऽल' म्हणालो. लहानपणी आक्का करायची तसं. तीस वर्षांत ते तोंडातनं काढलं नव्हतं, तरी निघालं. घोडी चालायला लागली.

थोड्या अंतरावर मी कासरा सैल सोडला. मग सोडूनच दिला आणि बाजूला झालो, आवाज मात्र करत राहिलो. घोडी चालत राहिली. फौजीदादानं टाळी दिली. "जमलं की गड्या. आवाजावर चालती. आवाज मी शिकतो की." आणि तो तिथंच शिकायला लागला. डाव्या हाताला पाणी चकाकत होतं, पाणकोंबड्या बुड्या मारत होत्या, आणि आम्ही दोघं बाप्ये जीभ टाळ्याला लावून टक् टक् करत होतो. मी फार आनंदात होतो. एवढा मोठा माणूस माझ्याकडनं काही शिकतोय.

संध्याकाळी भाकरी थापताना आक्का म्हणाली, "कुनी शिकिवलं रं तुला ते?"

"तूच की."

"व्हय," ती म्हणाली. "मीच."

चौथ्या दिवशी परत चढून आम्ही तबेल्यावर आलो. पुण्याची माणसं निरोप घेऊन गेली. फौजीदादानं आक्कापुढं येऊन सांगितलं, "ठेवतो मी हिला. काळजी करू नका." सांगून तो थांबला. तो माझ्याकडं बघत नव्हता, तिच्याकडं बघत होता. आता मला वाटतं, तो तिला बोलायला जागा देत होता. आक्का माझ्याकडं बघत होती. आणि मी फौजीदादाचे आभार मानायला लागलो.

जनावर देताना दावं द्यायचं नाही, अशी आमच्यात रीत आहे. जनावर जातं, दावं घरात राहतं. आक्कानं घोडीच्या गळ्यातला लोकरीचा कासरा सोडला. तिनं स्वतः वळलेला होता तो. त्याची गुंडाळी करून तिनं पिशवीत ठेवली. मग फौजीदादाला म्हणाली, "चावत न्हाई ती. मी म्हणलं ते खोटं हाय. डाव्या अंगानं एकदम जाऊ नगा, तिकडनं लांडग्यानं धरली हुती एकदा, दचाकती. पाऊस लागला की खोकती. गूळ द्या."

"आक्का, मला म्हाईत हाय," फौजीदादा म्हणाला. बहुतेक गुळाविषयी तो बोलत नसावा.

कराडच्या स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघत आम्ही चहा घेतला. आक्का मला म्हणाली, "त्यो न्हाई म्हणला असता तर बरं झालं असतं बघ. मी गावातच ऱ्हायले असते."

मी कप खाली ठेवला. "मग तू बोलली का न्हाईस?"

"तू एवड्या लांबनं आलास. माज्यासाठी एवडी खटपट केलीस. तुला कसं न्हाई म्हणू?"

"मला वाटलं तुला सुटल्यासारखं होईल."

"व्हय की. सुटलं की," ती म्हणाली, आणि बशी पालथी करून ठेवली.

मी तेव्हाच उठून उलटी गाडी धरायला हवी होती. साताऱ्याच्या गाड्या समोरच लागत होत्या. पण फौजीदादाला काय वाटेल, भाच्यानं खोली रंगवून घेतलीय, माझी मिरजेहून रात्रीची रेल्वे आहे, असं सगळं एकदम डोक्यात आलं. फौजीदादाला काहीच वाटलं नसतं, हे आज मला पक्कं ठाऊक आहे. सांगलीची गाडी लागली आणि आम्ही चढलो.

इथं पठाणकोटला भट्टीपुढं बसल्यावर मला तो टेकाडावरचा धूर आठवतो. सगळे खाली शोधत होते आणि ती वर घर मांडून बसली होती. तिला चार दिवस जे सांगायचं होतं ते ती घोडीच्या नावानं सांगत होती. आणि मी प्रत्येक वेळी मध्ये बोललो. कृतज्ञ माणूस किती बडबडतो.

परवा फौजीदादाचा फोन आला. घोडी छान आहे, अंगानं भरली आहे. आता तिला आवाजही द्यावा लागत नाही, पुढं कुणी नसलं तरी पाव्हण्यांना घेऊन तळ्यापर्यंत नीट जाते आणि येते. मग मी आक्काला फोन लावला. ती आधी बाकीचं बोलली. शेजारच्या बिहारी बाईशी ओळख झाली म्हणाली, कासऱ्यावर गॅलरीत कपडे वाळत घालतात म्हणाली. फोन ठेवायच्या आधी विचारलं.

"चालती का रं आता? म्होरं कुनी नसलं तरी?"

फौजीदादा सांगत होता ते खरं होतं. तरी काय सांगावं ते मला सुचेना. चालते म्हणावं तर घोडी तिला विसरली. नाही म्हणावं तर घोडी अजून रोज मान वळवून शोधते. दोन्हीतलं तिला कोणतं बरं वाटेल, हे मी ठरवू शकलो नाही. 

"तुला काय वाटतं?" मी शेवटी विचारलं. हे मी तिला एक वर्षापूर्वी विचारायला हवं होतं.

 खालनं कारखान्याचा भोंगा झाला, तो मला ऐकू आला.

"मला तिला एकदा बघायचं हाय," आक्का म्हणाली.

मी सुट्टीचा अर्ज दिला आहे. पुढच्या महिन्यात येतो म्हणून तिला सांगितलंय. भाच्याला अजून सांगितलेलं नाही, आणि फौजीदादाला कसं सांगायचं याची धास्ती आत्तापासनं वाटायला लागली आहे. बघायला गेल्यावर ती परत कुपवाडला येईल की नाही, ते मी विचारलेलं नाही. या वेळी मध्ये बोलायचं नाही, एवढंच मनाशी धरलं आहे.